जळगाव महापालिका, मार्च २०२१ : सत्तावन्नाचे तीस कसे झाले

ऑगस्ट २०१८ मध्ये जळगाव महापालिकेच्या ७५ पैकी ५७ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. शिवसेनेला १५ मिळाल्या, एमआयएमला ३. राष्ट्रवादी, काँग्रेस आणि मनसे यांना भोपळा. अडीच वर्षांनी, १८ मार्च २०२१ रोजी, याच सभागृहाने शिवसेनेच्या जयश्री महाजन यांना ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर केले. मधल्या काळात जळगावकरांनी महापालिकेसाठी मतदान केलेले नव्हते. भाजपचे २७ नगरसेवक पलीकडे गेले, एवढीच काय ती घडामोड.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत गद्दारी, घोडेबाजार, गनिमी कावा असे शब्द भरभरून आले. पैशांच्या देवघेवीचे आरोप झाले, सिद्ध काही झाले नाही, तेव्हा त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. मला या प्रकरणात वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्या पक्षाकडे बहुमतापेक्षा १९ जागा जास्त होत्या, त्याच्या हातून सत्ता इतक्या सहज कशी निसटते? माझे उत्तर असे, की ५७ हा आकडा मतमोजणीच्या दिवशी खरा होता, पण तो एका पक्षाचा आकडा कधीच नव्हता. आणि तो फोडायला नेमका कोणता दिवस लागतो, हे महापालिकेच्या कायद्यानेच ठरवून दिलेले होते.

आधीचे जळगाव

जळगावची पालिका म्हटले की तीन दशकांहून अधिक काळ एकच नाव घेतले जाई, सुरेशदादा जैन. मधला थोडा अपवाद सोडला तर पालिकेवर त्यांच्याच गटाचा झेंडा. पक्ष बदलत राहिले, आघाड्यांची नावे बदलली, शेवटी खान्देश विकास आघाडी म्हणजेच ‘खाविआ’ हे नाव रूढ झाले. २००३ मध्ये पालिकेची महापालिका झाली तरी कारभार तोच राहिला. शहरात कुठूनही दिसणारी महापालिकेची सतरा मजली इमारत त्याच काळातली. लोक अजूनही पत्ता सांगताना नुसते ‘सतरा मजली’ म्हणतात.

त्याच काळाने शहराच्या गळ्यात दोन धोंडे बांधले. घरकुलांसाठी आणि इतर योजनांसाठी हुडकोकडून, म्हणजे घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीकडून, काढलेले कर्ज थकले आणि महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत पाळी आली. घरकुल योजनेच्या व्यवहाराचा गुन्हेगारी खटला झाला, त्यात जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली आणि चार वर्षांहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. (ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या खटल्यात ४८ जणांना शिक्षा सुनावली, जैन यांना सात वर्षे आणि १०० कोटींचा दंड. आरोपींच्या यादीत सगळ्याच पक्षांत पुढे विखुरलेली माणसे होती.) शिवाय महापालिकेच्या मालकीच्या बाजारपेठांतल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. फुले मार्केटसारख्या जागी पिढीजात धंदा करणारे गाळेधारक आणि थकीत भाड्याच्या नोटिसा पाठवणारी महापालिका, यांचे भांडण मग वर्षानुवर्षे चालले. गाळेधारक दोन हजारांवर. एका गाळ्यामागे एक घर, नोकर, व्याही धरले तर ही मोठी मतपेढी होते, आणि प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाने त्यांना ‘बघू, करू’ म्हटलेले आहे.

२०१४ च्या विधानसभेत जैन हरले. त्यांना हरवणारे भाजपचे सुरेश भोळे, शहरात राजूमामा. तिथून वारे फिरले.

सत्तावन्न कसे जमले

२०१३ च्या महापालिकेत भाजपचे १५ नगरसेवक होते. पाच वर्षांत १५ चे ५७ होतात तेव्हा नुसत्या लाटेने होत नाहीत. राज्यात देवेंद्र फडणवीस यांचे सरकार, जिल्ह्यात भाजपचे मंत्री गिरीश महाजन यांचा शब्द चालतो आणि भाजपचेच जुने नेते एकनाथ खडसे मंत्रिपदावरून दूर झालेले, अशी त्या वेळची स्थिती. शिवसेनेशी, म्हणजे पर्यायाने तेव्हा शिवसेनेत असलेल्या जैन गटाशी, युतीची बोलणी झाली आणि फिसकटली. मग सुरू झाले ‘इनकमिंग’. मावळते महापौर ललित कोल्हे मनसेचे, ते निवडणुकीच्या तोंडावर भाजपमध्ये आले. खाविआतलेही अनेक जण आले. ज्याचा वॉर्डात वट आहे, ज्याची स्वतःची पाच-सातशे मते कुठेही हलत नाहीत, असा माणूस मिळेल तिथून उचलायचा, हे धोरण होते.

प्रभाग पद्धतीने त्याला हातभार लावला. जळगावात १९ प्रभाग. त्यांतले १८ चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा, म्हणून ७५. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार, म्हणजे एका प्रभागात सरासरी २४ हजार माणसे. मतदाराने यंत्रावर अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबायची. एवढ्या मोठ्या प्रभागात एकटा माणूस स्वतःच्या ओळखीवर पुरा पडत नाही, त्याला चिन्ह लागते. आणि चिन्ह एकटे पुरत नाही, त्याला प्रत्येक गल्लीतला कुणीतरी लागतो. भाजपने दोन्हींची मोट बांधली. पॅनेलमध्ये एक बाहेरून आलेला बलदंड, एक जुना कार्यकर्ता, आरक्षणात बसणारे दोघे, आणि वर कमळ.

प्रचाराचा मुद्दा सरळ होता. दिल्लीत आम्ही, मुंबईत आम्ही, इथेही आम्हाला द्या, निधी कमी पडणार नाही. वर्षभरात शहराचा चेहरामोहरा बदलू, असे गिरीश महाजन सांगत होते. त्या वेळी मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटलेले होते आणि भाजपला त्याचा फटका बसेल असे भले भले सांगत होते. १ ऑगस्टला मतदान झाले, ३ ऑगस्टला निकाल लागला आणि सगळ्यांचे अंदाज कोलमडले. त्याच दिवशी सांगली-मिरज-कुपवाड महापालिकाही भाजपने ७८ पैकी ४१ जागा घेऊन जिंकली. हे सांगली पुढे लागणार आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये आमदार भोळे यांच्या पत्नी सीमा भोळे महापौर झाल्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या जागी भारती सोनवणे आल्या. अडीच वर्षांचे एक पद दोघींत वाटून घ्यावे लागले, यातच ५७ जणांना सांभाळण्याची कसरत दिसते. ५७ जण निवडून आले की महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे सभापती, गटनेता आणि सभागृह नेता अशी पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांवर डोळा ठेवणारे निदान तीस. जुना कार्यकर्ता म्हणतो, आम्ही पोस्टर चिकटवली. बाहेरून आलेला म्हणतो, मते मी आणली. दोघांचेही खरे असते.

कारभार

फडणवीसांनी जळगावसाठी १०० कोटींचा निधी जाहीर केला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात महाविकास आघाडीचे सरकार आले आणि त्यातल्या काही कामांना स्थगिती मिळाली. ‘वर आमचे सरकार’ हा ज्या प्रचाराचा कणा होता, तो असा मोडला. जी गोष्ट मते मागताना जमेची होती, तीच आता नावे बाजूला पडली.

रस्त्यांचे तर विचारू नका. अमृत योजनेत पाण्याच्या नव्या वाहिन्या आणि भुयारी गटारींसाठी शहरभर खोदकाम सुरू होते. खोदलेला रस्ता बुजवायचा कोणी, डांबर कोणाच्या खात्यातून, यावर सभांमागून सभा झाल्या. शिवाजीनगरकडे जाणारा रेल्वेवरचा ब्रिटिशकालीन पूल २०१९ च्या सुरुवातीला पाडायला घेतला आणि नवा पूल रखडला. पलीकडच्या माणसाला बाजारात यायचे तर मोठा वळसा. तेव्हा जळगावात दुचाकी चालवणाऱ्याच्या तोंडाला रुमाल असे, तो कोरोनाच्या आधीपासून, धुळीमुळे. नगरसेवकाला रोज सकाळी दारात उभे राहून याचीच उत्तरे द्यावी लागत. आमदार-खासदाराला लोक वर्षातून एकदा भेटतात, नगरसेवकाला दूध आणायला निघाले की भेटतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले. महापालिकेत राष्ट्रवादीचा एकही नगरसेवक नव्हता, म्हणून गणिताला थेट धक्का बसला नाही. पण जिल्ह्यात भाजप सोडता येतो आणि सोडल्यावर आभाळ कोसळत नाही, हे नाराजांना दिसले. राज्यात सत्ता नाही, पालकमंत्री शिवसेनेचे गुलाबराव पाटील, नगरविकास खाते शिवसेनेच्या एकनाथ शिंदे यांच्याकडे. ज्या नगरसेवकाला पुढची अडीच वर्षे काढायची आहेत आणि वॉर्डातले दोन रस्ते तरी करून दाखवायचे आहेत, त्याने फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे बघायचे नाही, असे म्हणणे सोपे आहे. तो बघतोच.

तो एकच दिवस

आता कायद्याची बाजू, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. महाराष्ट्रात महापौराची मुदत अडीच वर्षांची. त्याच्याविरुद्ध अविश्वास ठराव आणून त्याला घालवण्याची सोय महापालिका कायद्यात नाही. नगरपरिषदेत, पंचायतीत अविश्वासाचे नाट्य रंगू शकते, महापालिकेत ते होत नाही. म्हणजे फुटायचेच असेल तर उगाच वर्षाच्या मध्ये फुटून उपयोग नाही. मुदत संपते त्या दिवशी, पुढच्या महापौराच्या मतदानाला फुटायचे. त्या दिवशी जिंकले की पुढची अडीच वर्षे पद पक्के. जळगावात ती तारीख मार्च २०२१ च्या मध्यावर येत होती आणि ती सगळ्यांना २०१८ पासूनच माहीत होती.

मतदान गुप्त नसते, हात वर करून होते. त्यामुळे कोण फुटले हे लपत नाही आणि पक्षादेश मोडल्याचा पुरावा आपोआप तयार होतो. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा नगरसेवकांचा पक्षांतरबंदी कायदा. त्याखाली पक्षादेश मोडणारा अपात्र ठरू शकतो. अपात्रतेतून वाचायचे तर मूळ गटाच्या दोन तृतीयांश बळ लागते. ५७ चे दोन तृतीयांश म्हणजे ३८. फुटणारे होते २७. अकरा कमी. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे हे सगळे २७ जण धोक्यात होते.

मग तरी ते का गेले? कारण अपात्रतेचा अर्ज विभागीय आयुक्तांकडे जातो, जळगावसाठी नाशिकला. तिथे नोटिसा निघतात, म्हणणे मांडायला मुदत मिळते, वकील तारखा मागतात, आणि काही निकाल लागलाच तर पुढे उच्च न्यायालयाची पायरी असते. महापौरपद मात्र मतदान संपले की दुपारीच हातात पडते. शिक्षा आणि फायदा यांच्यात इतके अंतर असले की शहाणा माणूस कशाची निवड करेल, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. आणखी एक मेख होती. पक्षादेश काढायचा अधिकार गटनेत्याचा, आणि भाजपचा खरा गटनेता कोण यावरच फुटलेल्यांनी वाद उभा केला. गटनेतेपदच वादात आले की पक्षादेशही वादात येतो आणि नाशिकची फाइल आणखी जाड होते.

ठाणे ते जळगाव, चारशे किलोमीटर

महिनाभर आधी, २३ फेब्रुवारी २०२१ ला, सांगलीत रंगीत तालीम झालेली होती. तिथे भाजपकडे स्पष्ट बहुमत असताना राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी महापौर झाले. भाजपचे पाच जण फुटले आणि दोघे सभेला आलेच नाहीत. राष्ट्रवादीचे नेते जयंत पाटील यांचा ‘करेक्ट कार्यक्रम’ हा शब्दप्रयोग तेव्हा गाजत होता. जळगावात लगेच कुजबुज सुरू झाली, ‘सांगली पॅटर्न’.

पण दोन्हींत फरक आहे. सांगलीत काठावरचे बहुमत होते, सात माणसे हलली की पुरे. जळगावात सेनेचे १५ आणि एमआयएमचे ३ मिळून १८ होत होते, ३८ चा आकडा गाठायला भाजपचे किमान २० फोडायला हवे होते. वीस माणसे गुपचूप फुटत नसतात. वीस जणांचे फोन एकाच संध्याकाळी ‘नॉट रिचेबल’ लागले की शहराला कळतेच, आणि कळलेही. मतदानाच्या काही दिवस आधी एकेक जण दिसेनासा झाला आणि मग बातमी आली की मंडळी ठाण्यात आहेत. ठाणे म्हणजे नगरविकास मंत्री शिंदे यांचा गड. तिथून उचलून आणणे भाजपला शक्य नव्हते.

अशा सहली महाराष्ट्राला नव्या नाहीत. नगरसेवकांना बसमध्ये घालून कुठेतरी हॉटेलात ठेवायचे, मोबाइल काढून घ्यायचे आणि मतदानाच्या सकाळी थेट सभागृहात उतरवायचे, ही पद्धत कित्येक शहरांनी पाहिली आहे. या पद्धतीतली सगळ्यात नाजूक जागा शेवटची असते. बस महापालिकेच्या आवारात शिरते, दार उघडते, आणि बसच्या पायरीपासून सभागृहाच्या दारापर्यंत समोरच्या पक्षाचे कार्यकर्ते, भाऊबंद, सासरे, जुने नेते उभे असतात. कोणी हात धरतो, कोणी पाया पडतो, कोणी दरडावतो. भल्याभल्यांचे मन तिथे पालटते. एकदा आत गेले तरी समोरच्या बाकावर आपला जुना नेता बसलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांत बघून हात वर करायचा असतो.

जळगावात ही जागाच नाहीशी झाली. कोरोनाची दुसरी लाट चढत होती, त्याच महिन्यात शहरात जनता कर्फ्यू लावावा लागला होता, आणि महापालिकांच्या सभा ऑनलाइन घेण्याचा राज्य सरकारचा आदेश होता. महापौराची निवडणूकही दूरदृश्य प्रणालीने होणार असे ठरले. भाजपने त्याला विरोध केला, तो टिकला नाही. १८ तारखेला पीठासीन अधिकारी जळगावात, भाजपचे निष्ठावंत नगरसेवक जळगावात, आणि ज्यांच्या हातात निकाल होता ते चारशे किलोमीटर दूर ठाण्यात पडद्यासमोर बसलेले. नाव पुकारले की कॅमेऱ्यासमोर हात वर. ना बस, ना पायरी, ना सासरे. पडद्यावरच्या चौकटीतल्या माणसाचा हात कोणी धरू शकत नाही. कोरोनाने राजकारणात बऱ्याच गोष्टी बदलल्या असे म्हणतात. इथे त्याने फोडाफोडीतला सगळ्यात अवघड टप्पा फुकटात पार करून दिला.

जयश्री महाजन ४५, भाजपच्या प्रतिभा कापसे ३०. उपमहापौरपदी कुलभूषण पाटील, तेही ४५-३०. पाटील स्वतः भाजपच्या तिकिटावर निवडून आलेले. म्हणजे नव्या सत्तेत फुटलेल्यांचा वाटा पहिल्याच दिवशी चुकता झाला. एमआयएमच्या तिघांनी शिवसेनेच्या महापौराला मत दिले, यावर राज्यभर थोडी गंमत झाली. महापालिकेत वावरणाऱ्या कोणाला त्यात नवल वाटले नाही. गटारीचा उतार आणि पाण्याची पाळी यांना पक्ष नसतो, आणि महापौर आपला असला की फोन लवकर उचलला जातो.

नंतर

भाजपने नाशिकला अपात्रतेसाठी धाव घेतली. त्यामुळे सत्ता पालटली नाही. जयश्री महाजन सभागृहाची मुदत संपेपर्यंत महापौर राहिल्या. पण त्यांचा कारभार सुखाचा होता असे मुळीच नाही, आणि याचे कारण पुन्हा कायद्यातच आहे. स्थायी समितीचे १६ सदस्य पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे नेमले जातात, आणि कागदोपत्री भाजपचे संख्याबळ ५७ च राहिले. फुटलेले २७ मनाने सेनेचे, कागदावर भाजपचे. खर्चाची मंजुरी जिच्याकडून जाते ती समिती एका बाजूला आणि महापौर दुसऱ्या बाजूला. सभेत गटनेत्यावरून गोंधळ, विषयपत्रिकेवरून गोंधळ. गेलेल्यांपैकी काही जण पुन्हा भाजपकडे परतले. कोणाची नेमकी किती माणसे आहेत, हे प्रत्येक सभेला नव्याने मोजावे लागे.

जून २०२२ मध्ये तर फासाच उलटला. ज्या एकनाथ शिंदे यांच्या छत्राखाली ठाण्यात २७ जण बसले होते, ते स्वतःच शिवसेना फोडून भाजपबरोबर गेले आणि मुख्यमंत्री झाले. पालकमंत्री राहिलेले गुलाबराव पाटीलही त्यांच्यासोबत गेले. महापौर महाजन उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिल्या. म्हणजे ज्या ‘वरच्या’ सत्तेसाठी हे सगळे झाले, ती पंधरा महिन्यांत पुन्हा विरुद्ध बाजूला गेली. २०१९ ला भाजपच्या महापौरावर जी वेळ आली तीच आता सेनेच्या महापौरावर आली. निधी हवा तर मुंबईत विरोधकांच्या दारात उभे राहायचे.

या सगळ्यात जळगावच्या मतदाराकडे पाहिले तर त्याने २०१८ मध्ये एकदा सत्ता बदलली होती, स्पष्टपणे, कोणाला शंका राहणार नाही अशा आकड्यांनी. दुसरा बदल त्याला न विचारता झाला. पण तो त्याच्याविरुद्ध झाला असेही मला छातीठोकपणे म्हणवत नाही. रस्ते बघून २०२१ मध्ये त्याला विचारले असते तर त्याने काय केले असते, कोण जाणे. नगरसेवक फुटले तेव्हा शहरात निषेधाची लाट वगैरे उसळली नाही. पक्षाच्या कार्यालयांसमोर घोषणा झाल्या, बाजारात नेहमीसारखी उलाढाल चालू राहिली.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे घोळ यांत राज्यभरातल्या निवडणुका अडकल्या होत्या. त्यामुळे दोन वर्षांहून जास्त काळ जळगावात नगरसेवकच नव्हते, फुटायलाही आणि जोडायलाही. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या इतर २८ महापालिकांबरोबर जळगावचे मतदान झाले. प्रभाग तेच १९, जागा त्याच ७५, यंत्रावर तीच चार बटणे. महापौर निवडायचा तोही नगरसेवकांनीच, हात वर करून, अडीच वर्षांसाठी.